गिलाव्याआधीचं घर : नेटवर्कच्या तारांचं नियोजन

(महापे, नवी मुंबई इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि उत्तरं दिली आहेत.)

आजचा विषय घर बांधताना किंवा दुरुस्त करताना नेटवर्कच्या तारांचं नियोजन कसं करावं, हा आहे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेली बाई यावर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. त्याचं एक कारण अगदी व्यवहारातलं आहे. निवृत्तीनंतर मी आमच्या सोसायटीच्या पुनर्विकास समितीवर होते. आर्किटेक्ट, विद्युत सल्लागार आणि कंत्राटदार यांच्याबरोबर बसून नकाशे वाचण्यात तीन वर्षं गेली. दुसरं कारण बोलण्याच्या ओघात येईल.

आधी शब्द नीट करून घेऊ, कारण इथे पहिलाच घोटाळा शब्दाचा होतो. 'लो-व्होल्टेज' म्हटलं की आपण 'लघुदाब' म्हणतो. पण महावितरणच्या भाषेत लघुदाब म्हणजे आपल्या घरात येणारी २३० व्होल्टची वीज! आज आपण ज्या तारांबद्दल बोलतोय त्या याहून पुष्कळ खालच्या, साधारण ५ ते ४८ व्होल्टच्या. सल्लागार त्यांना 'ईएलव्ही' म्हणतात, इलेक्ट्रिशियन सरळ 'डेटाचं काम' म्हणतो. यात इंटरनेटची केबल येते, टीव्हीची, इंटरकॉमची, कॅमेऱ्यांची, व्हिडिओ डोअर फोनची आणि धुराची सूचना देणाऱ्या यंत्राची. दाराची साधी घंटी मात्र यात येत नाही. आपल्याकडे ती बहुतेक घरांत २३० व्होल्टवरच चालते. काचेचा फायबर यात बसवायचा तर त्यातून वीज जातच नाही, प्रकाश जातो. पण त्याची वाट याच तारांबरोबर असते, म्हणून तोही याच कुटुंबातला.

आता प्रश्न असा, की या तारांचा विचार बांधकामाच्या वेळीच का करायचा? घर झाल्यावर का नाही?

आपल्या शहरांतल्या घरांचा इतिहास बघा. आधी टेलिफोनची तार आली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला केबल टीव्हीची जाड काळी वायर आली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केलं, तेव्हा ते टेलिफोनच्याच तारेवरून आलं. मग ब्रॉडबँड, आणि आता फायबर. तीस-पस्तीस वर्षांत चार-पाच पाहुणे आले, आणि त्यांतला एकही दारातून आला नाही. कोणी खिडकीच्या चौकटीला भोक पाडलं, कोणी एसीच्या पाइपाशेजारून वाट काढली, कोणी गच्चीवरून लोंबकळत आला. भिंत पन्नास वर्षं टिकावी अशी आपली अपेक्षा असते. तिच्यातली तार पंधरा-वीस वर्षं चालते. राउटर पाच वर्षांत जुना होतो. या तीन वेगवेगळ्या आयुष्यांची गाठ आपण एकाच वेळी सिमेंटमध्ये मारतो. सगळी अडचण तिथे आहे.

इथे मला माझा विषय आठवतो. न्याय-वैशेषिक परंपरेत 'अभाव', म्हणजे नसणं, हाही एक पदार्थ मानला गेला. आणि नसण्याचे प्रकार केले. मडकं घडण्याआधी मातीत मडकं नसतं, हा प्रागभाव. आज नाही, पण होऊ शकतं. वाऱ्याला रंग नसतो, हा अत्यंताभाव. कधीच नाही. आता दोन फ्लॅट डोळ्यांपुढे आणा. दोन्हींत मागच्या खोलीत इंटरनेटची तार नाही. पण एका भिंतीत रिकामी नळी आहे, दुसऱ्या भिंतीत नाही. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही 'नसणी' सारखीच दिसतात. पहिल्या घरात तार आज नसली तरी उद्या अर्ध्या तासात ओढता येते. दुसऱ्या घरात भिंत फोडल्याशिवाय ती येत नाही. पुढच्या वीस वर्षांत कोणती तार लागेल हे आज कोणालाच सांगता येणार नाही. पण काहीतरी लागेल, एवढं नक्की. म्हणून मी म्हणते, तारेपेक्षा नळीचा विचार आधी करा. आज सांगण्यासारखं माझ्याकडे हेच मुख्य आहे, बाकी तपशील.

तपशील शिकायला आपल्याला लांब जायला नको. या सभागृहातून बाहेर पडलात की एका अंगाला पारसिकचा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला एमआयडीसीचा पट्टा. मिलेनियम बिझनेस पार्क, इलेक्ट्रॉनिक सदन, आणि महापे, रबाळे, ऐरोलीपर्यंत पसरलेली डेटा सेंटर. तिथे हजारो तारा असतात, तरी गुंता होत नाही, कारण चार शिस्ती पाळलेल्या असतात. विजेची आणि डेटाची वाट वेगळी. तारा ठरलेल्या केंद्राशी येऊन मिळतात. पुढे लागेल म्हणून जागा शिल्लक ठेवलेली. आणि प्रत्येक तारेची नोंद. तिथे दिवसभर ही शिस्त सांभाळणारी मंडळी संध्याकाळी घरी जातात, तेव्हा त्यांचा राउटर टीव्हीमागे खिळ्याला टांगलेला असतो! तर या चार शिस्ती घरात कशा आणायच्या ते बघू.

पहिली शिस्त, वाट वेगळी. डेटाची तार आणि २३० व्होल्टची तार एका नळीत कधीही घालायची नाही. एका बॉक्समध्येही नाही. कारणं दोन. एक म्हणजे विजेच्या तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राने डेटात गोंधळ होतो. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. विजेच्या तारेचं आवरण खराब झालं तर २३० व्होल्ट थेट इंटरकॉमच्या रिसीव्हरपर्यंत येऊ शकतात, आणि तो रिसीव्हर कोणाच्यातरी हातात असतो. समांतर जायचं असेल तर दोन नळ्यांत साधारण एक फूट अंतर ठेवा. एकमेकींना ओलांडायचं असेल तर काटकोनात ओलांडू द्या.

डेटाच्या तारेची रचनाच मुळी गोंधळ टाळण्यासाठी असते. तिच्यात आठ तारा चार जोड्यांत पिळलेल्या असतात. जोडी पिळली की बाहेरचा त्रास दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि दुसऱ्या टोकाला तो वजा करता येतो. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची, १८८१ च्या पेटंटमधली. म्हणूनच सॉकेट बसवताना पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडायचा नाही. घाईत दोन-तीन इंच उलगडून तारा दाबल्या, की महागडी केबलही साधी होऊन बसते.

दुसरी शिस्त, केंद्र एक. घरात एक जागा ठरवा, जिथे बाहेरून फायबर येईल आणि जिथून प्रत्येक खोलीकडे स्वतंत्र तार निघेल. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशी साखळी करू नका. मधली कडी तुटली की पुढचं सगळं बंद. ही जागा कुठली? मुख्य दाराजवळचं कपाट किंवा पॅसेजमधली वरची फळी. विजेच्या डीबीच्या अगदी शेजारी नको, न्हाणीघराला लागून असलेल्या ओलसर भिंतीवर नको. खाडी जवळ असल्यामुळे आपल्याकडे हवेत दमटपणा असतो, पावसाळ्यात तर बघायलाच नको. तिथे विजेचे दोन-तीन पॉइंट लागतील आणि हवा खेळायला हवी. आणि राउटर बंद लोखंडी पेटीत ठेवू नका. उपकरणं जपली म्हणून आपण खूश होतो, पण पत्रा वायफायला बाहेर पडू देत नाही.

तिसरी शिस्त, जागा शिल्लक. इथे थोडा हिशेब करू. कॅट ६ केबलची जाडी साधारण ६ मिलिमीटर. भिंतीत जी पीव्हीसी नळी जाते ती २०, २५ किंवा ३२ मिलिमीटरची. नळीच्या आतल्या जागेपैकी चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त भरायची नाही, नाहीतर तार ओढताना घासते, ताणली जाते. या हिशेबाने २५ च्या नळीत चार केबल नीट बसतात, २० च्या नळीत दोन. तेव्हा प्रत्येक खोलीला केंद्रापासून २५ ची एक नळी द्या. दिवाणखान्यात टीव्हीमागे आणि जिथे काम किंवा अभ्यास होणार तिथे दोन. बाहेरच्या शाफ्टपासून केंद्रापर्यंतही दोन नळ्या असाव्यात, एक वापरात आणि एक रिकामी. दोन बॉक्सांमध्ये दोनपेक्षा जास्त वळणं नकोत, आणि वळण गोलाईचं हवं. काटकोनी तुकडा लावला तर तार अडते, आणि फायबर तर मोडतोच. रिकाम्या नळीत नायलॉनची दोरी घालून दोन्ही टोकांना बांधून ठेवा. लोखंडी तार आपल्या हवेत गंजते. गिलावा करताना नळीची तोंडं बंद ठेवायला सांगा. सिमेंटचं पाणी आत गेलं, की नकाशात नळी असते आणि भिंतीत दगड.

चौथी शिस्त, नोंद. गिलावा होण्याच्या आदल्या दिवशी जाऊन प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, भिंतीला मोजपट्टी लावून. पुढे कपाट ठोकताना कुठे ड्रिल मारायचं नाही हे तो फोटो सांगतो. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक लावा. नकाशाची एक प्रत केंद्राच्या कपाटात दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. ही सगळी माहिती आज एका माणसाच्या डोक्यात असते, त्या तरुण वायरमनच्या. तो पुढच्या महिन्यात दुसऱ्या साइटवर जातो आणि माहितीही त्याच्याबरोबर जाते. त्याला हे सगळं माहीत आहे, ते कागदावर उतरवून घेणं आपलं काम.

तारेच्या खरेदीबद्दल एकच सूचना. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल मिळते. दिसायला तशीच, वजनाला हलकी, किमतीला कमी. ब्लेडने तार खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर ती तांब्याची नाही. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. हल्ली कॅमेऱ्याला डेटा आणि वीज दोन्ही याच केबलमधून देतात. अशा वेळी मुलाम्याची केबल तापते आणि टोकाला पुरेसा दाब पोचत नाही. तारेचा दर्जा घरासाठी कॅट ६ पुरतो. एका सेकंदाला दहा गिगाबिट ती साधारण ५५ मीटरपर्यंत नेते, आणि घरात तीस मीटरची तार म्हणजे डोक्यावरून पाणी.

आता हे सगळं कधी सांगायचं? घर कोणत्या प्रकारचं आहे त्यावर ते ठरतं. सिडकोच्या जुन्या इमारतीतला फ्लॅट दुरुस्त करत असाल तर लादी आणि रंग यांच्या आधी. पण भार पेलणाऱ्या भिंतीत, बीममध्ये किंवा कॉलममध्ये खाचा मारायच्या नाहीत. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. गावठाणात घर मजल्यामजल्याने चढतं. आज तळमजला, मुलाच्या लग्नाआधी पहिला, मग दुसरा. तिथे जिन्याच्या कोपऱ्यातून तळापासून गच्चीपर्यंत एक मोठी उभी नळी ठेवा. वरचा मजला व्हायचा असला तरी त्याची वाट तयार असेल. आणि नव्या टॉवरमध्ये? तिथे बऱ्याचदा विटांची भिंतच नसते. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंत आणि स्लॅब एकत्र काँक्रीटने ओततात. साइटवर त्याला 'मायवन' म्हणतात. त्या भिंतीत नळी सळयांच्या जाळीत, ओतण्याच्या आधी बांधावी लागते. नंतर खाच मारायची सोय नाही. म्हणजे तिथे गिलाव्याआधीसुद्धा उशीर झालेला असतो. निर्णय नकाशावरच व्हायला हवा.

पुनर्विकासात हा नकाशा करारनाम्याच्या परिशिष्टात असतो. वाशीपासून कोपरखैरणेपर्यंत कितीतरी सोसायट्यांत आज या बैठका चालू आहेत. चर्चा कशावर होते? चटई क्षेत्र, भाडं, कॉर्पस, पार्किंग. नळीवर कोणी बोलत नाही. आमच्याकडेही बोलत नव्हतं. मग एक गोष्ट घडली. जुन्या इमारतीतल्या, एकट्या राहणाऱ्या एक बाई न्हाणीघरात पडल्या. फोन दिवाणखान्यात. कामवाली येईपर्यंत दोन तास तशाच पडून होत्या. त्या बऱ्या झाल्या, पण बैठकीतली चर्चा त्या आठवड्यापासून बदलली. न्हाणीघरात ओढायच्या घंटीसाठी एक नळी, एक कमी दाबाची तार, हे परिशिष्टात आलं. तिची दोरी जमिनीपर्यंत यायला हवी, कारण पडलेला माणूस जमिनीवर असतो. ही साधी बाब नकाशावर कोणालाच सुचली नव्हती. ती त्या बाईंनी सांगितली.

याला जोडूनच दुसरी बाब. जुना तांब्याचा टेलिफोन वीज गेली तरी चालायचा, कारण त्याला वीज एक्सचेंजमधून, त्याच तारेतून यायची. फायबरमधून वीज येत नाही. घरातली वीज गेली की फायबरची पेटी बंद, राउटर बंद, आणि त्यावर चालणारा फोनही बंद. त्यात काँक्रीटच्या आतल्या खोलीत मोबाइलला रेंज नसली, तर तो माणूस जगापासून तुटला. म्हणून केंद्राच्या जागी छोट्या यूपीएसची सोय धरा. पेटी आणि राउटर मिळून दिव्याइतकीच वीज खातात, छोटा यूपीएससुद्धा त्यांना काही तास चालवतो. तरुणाला ती चैन वाटेल. ज्यांची मुलं परदेशात आहेत अशा घरात ती गरज आहे.

इमारतीच्या पातळीवरही दोन मागण्या करा. टेलिकॉमच्या तारांसाठी विजेपासून वेगळा शाफ्ट, आणि तो कोणत्याही एका कंपनीला आंदण दिलेला नको. बिल्डर एकाच सेवादाराशी करार करतो आणि रहिवाशाला निवड उरत नाही, असं होता कामा नये. ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीबद्दल मानांकन देण्याचे विनियम काढले आहेत. बिल्डरला विचारा, तुमची इमारत त्यात कुठे बसेल? प्रश्न विचारला गेला, एवढ्यानेही नकाशा सुधारतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.

प्रश्न : सगळं वायफायवर चालतं. मग एवढ्या तारा कशाला?

उत्तर : वायफायलाच तार लागते, हे आपण विसरतो. शेवटचे काही फूट हवेतून जातात, बाकी सगळं तारेतूनच. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर लांब जाते, पण तिच्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्‌झची लहर वेगवान, पण काँक्रीटच्या भिंतीत दमते. आरसा, फ्रिज, पाण्याची टाकी हेही आडवे येतात. तेव्हा मोठ्या घरात पॅसेजच्या छतात एक नळी सोडून ठेवा. तिथे छोटं वायफाय यंत्र लावलं आणि त्याला मागून तार दिली, की दोन्ही खोल्या भागतात. टीव्ही आणि टेबलावरचा संगणक यांना सरळ तार द्या. हवा मोबाइलसाठी मोकळी राहते.

प्रश्न : आमचं घर तयार आहे, आता भिंती फोडायच्या नाहीत. काय करता येईल?

उत्तर : आधी जुन्या नळ्या शोधा. पूर्वी टेलिफोनसाठी किंवा टीव्हीसाठी घातलेली नळी असते, तिच्यात मेलेली तार असते. तिच्याच टोकाला नवी दोरी बांधून दुसऱ्या बाजूने हळू ओढा. बरेचदा वाट मोकळी निघते. तार अडली तर जोर करू नका, दहा-अकरा किलोहून जास्त ओढ डेटाच्या केबलला सोसत नाही. नळी नसेल तर दाराच्या चौकटीवरून किंवा पोटमाळ्यावरून केसिंग पट्टी घ्या. नीट मापात लावली तर आठ दिवसांत डोळ्यांना सवय होते.

प्रश्न : बजेट थोडं आहे. एकच गोष्ट करायची तर कोणती?

उत्तर : नळ्या घालून घ्या आणि तारा पुढच्या दिवाळीला ओढा. राउटर, कॅमेरे, घंटी हे सगळं कधीही घेता येतं. नळीला लागणारा माणूस आणि उघडी भिंत, दोन्ही आज तुमच्याकडे आहेत. नंतर त्याच नळीसाठी लादी, रंग, कचरा आणि पंधरा दिवसांची धूळ, एवढ्या सगळ्याचे पैसे मोजावे लागतील. आणि नळी घालून झाली की त्या वायरमनला चहा द्या, त्याच्याकडून नकाशावर खुणा करून घ्या, आणि मगच गवंड्याला आत बोलवा.